मनगटावर की नळीवर?

"स्कूबा करून आलो" असं मेसमध्ये सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "शार्क दिसला का?" आणि दुसरा, "किती पैसे पडले?" खाली गेल्यावर आपण किती खोल आहोत, सिलिंडरमध्ये हवा किती उरली आहे, हे कळतं कसं, असं आजवर मला एकानेच विचारलं. तो अर्थातच इन्स्ट्रुमेंटेशनचा होता. हा लेख त्याच्या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर आहे.

मालवण-तारकर्लीला जाऊन आलेल्यांना हा प्रश्न पडत नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. तिथे पर्यटकांना खाली नेतात तेव्हा गाइड तुमचं सिलिंडर धरून असतो. मीटर त्याने बघायचे, आपण मासे बघायचे. (फोटोसाठी अंगठा मात्र दाखवू नका. पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ "वर चला" असा होतो.) मी मामेभावाच्या नादाने मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर रीतसर कोर्स केला, आणि कोर्स झाला की मीटर आपले आपण बघायचे असतात. तिथून भानगड सुरू झाली.

बघायचं तसं थोडंच असतं. सिलिंडरमधला दाब, खोली आणि वेळ, शिवाय दिशा. हे सगळे डायल एका रबरी खोक्यात एकाखाली एक बसवून नळीच्या टोकाला लावले की त्याला कन्सोल म्हणतात. नळी सिलिंडरच्या तोंडावरच्या फर्स्ट स्टेजपासून निघते आणि डाव्या काखेखालून पुढे येते. दुसरा प्रकार म्हणजे खोली-वेळेचा कॉम्प्युटर घड्याळासारखा मनगटावर बांधायचा.

आता थोडं मेकॅनिकल. दाबाचा मीटर म्हणजे आपल्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमधली बोर्डन ट्यूबच. वाकडी नळी, दाब वाढला की सरळ व्हायला बघते, त्यावर काटा फिरतो. बॅटरी नाही, काही नाही. पण त्याला सिलिंडरशी जोडलेलं राहावंच लागतं आणि सिलिंडर पाठीवर, म्हणून नळी आली. खोलीच्या मीटरला कोणाशीच जोडायची गरज नाही, कारण त्याला आजूबाजूच्या पाण्याचा दाब मोजायचा असतो आणि तो सगळीकडे आहेच. समुद्रात दर 10 मीटरला साधारण 1 बार वाढतो. म्हणजे खोलीचा मीटर कुठेही ठेवता येतो. तरीही तो नळीवर ठेवतात ते केवळ सगळं एका जागी सापडावं म्हणून. हे कारण मला कोर्समध्ये एकदम पटलं होतं.

कोर्सनंतरची तिसरी डाइव्ह. भाड्याचा कन्सोल, दोन साधे डायल. वर येताना 5 मीटरवर 3 मिनिटं थांबायचं ठरलं होतं. त्या वेळी हातांची काय अवस्था असते ते सांगतो. डाव्या हातात जॅकेटमधली हवा सोडायची नळी, वर धरलेली. उजव्या हातात बोटीच्या नांगराचा दोर. आणि कन्सोल कुठे? काखेखालून निसटून मागे, मांडीपाशी लोंबकळत. खोली बघायला मी दोर सोडला आणि मागे चाचपडत बसलो. तेवढ्यात मी थोडा वर गेलो. वर गेलं की दाब कमी, जॅकेटमधली हवा फुगते, त्याने आणखी वर. कंट्रोल सिस्टिम्समध्ये जो पॉझिटिव्ह फीडबॅक ओरलला विचारतात तो मी अंगावर घेतला. कन्सोल हातात आला तेव्हा माझं डोकं पाण्याबाहेर होतं.

श्वास सोडत राहायची सवय लावलेली होती म्हणून वाचलो. 8 मीटरवर 1.8 बार दाब असतो. तिथे छातीत भरलेली हवा धरून ठेवली तर वर येईपर्यंत ती जवळपास दुप्पट जागा मागते, आणि फुप्फुसांत तेवढी जागा नसते. शिवाय रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा यासाठी मिनिटाला सुमारे 9 मीटर यापेक्षा वेगाने वर येऊ नये असं शिकवतात. दादा 3 मिनिटांनी वर आला. "खालून तुझे पाय बघत होतो," एवढंच म्हणाला, आणि बोट किनाऱ्याला लागेपर्यंत बोलला नाही.

पुढच्या डिसेंबरात त्याने स्वतःचा जुना मनगटी कॉम्प्युटर मला बांधला. काय सुख होतं! दोर धरलेल्या हाताच्या मनगटावरच आकडा, डोळ्यांसमोर. वेग जास्त झाला की टूंटूं वाजतो. मी त्यावर इतका खूश झालो की नळीच्या टोकाला अजून एक मीटर आहे हे विसरलोच. 14 मीटरवर दादाने खुणेने हवा विचारली तेव्हा काटा 30 बारवर होता. आमचा नियम 50 असताना बोटीवर परतायचा. ती डाइव्ह निभावली, पण मार्जिन नव्हतं.

म्हणजे कन्सोलने एकदा फसवलं, मनगटाने एकदा. होस्टेलवर परत येऊन सबमिशनच्या रात्री (अशा रात्रीच असले विचार सुचतात) मी हिशोब मांडला. 14 मीटरवर दाब 2.4 बार. मी मिनिटाला 20 लिटर श्वास घेतो असं धरलं तर तिथे 48 लिटर लागतात. सिलिंडर 12 लिटरचं, म्हणजे मिनिटाला 4 बार खर्च. 5 मिनिटांनी एकदा बघितलं तरी फरक 20 बारचा. दाब हा सावकाश आणि अंदाजाने हलणारा आकडा आहे. (घाबरलात की अंदाज कोसळतो, ते वेगळं.) खोलीचं तसं नाही. वर येताना शेवटच्या 5 मीटरांत काही सेकंदांत खेळ संपतो. जे भरभर बदलतं त्याचं रीडिंग भरभर घ्यावं लागतं, हे आपण सॅम्पलिंगच्या धड्यात पाठ केलेलंच आहे. तेव्हा खोली आणि वेग मनगटावर. दाब नळीवर राहिला तरी चालेल, पण ठरावीक वेळाने बघायचा, आठवण आली की नव्हे.

दाबसुद्धा मनगटावर आणता येतो. फर्स्ट स्टेजला ट्रान्समीटर लावला की तो रेडिओने कॉम्प्युटरला आकडा पाठवतो. छान सोय आहे, पण खर्च बराच आणि बॅटऱ्या दोन. ते वापरणारेही अनेक जण नळीवरचा साधा मीटर काढत नाहीत.

होकायंत्राच्या बाबतीत मात्र माझं मत उलट आहे. ते आडवं सपाट आणि शरीराच्या रेषेत धरावं लागतं. मनगटावर असेल तर हात छातीसमोर बरोबर काटकोनात मुडपावा लागतो. जरा तिरका झाला की भलतीकडे पोचता. कन्सोल दोन्ही हातांनी नाकासमोर धरला की काम झालं.

मनगटाच्या बाजूने आणखी एक मुद्दा, जो मला उशिरा कळला. 1908 मध्ये हॉल्डेन यांनी ब्रिटिश नौदलासाठी डीकम्प्रेशनचे तक्ते काढले. आजच्या कॉम्प्युटरमधलं गणित त्याच घराण्यातलं. सकाळच्या डाइव्हमध्ये तुमच्या शरीरात किती नायट्रोजन उरला याचा हिशोब तो दिवसभर ठेवतो. भाड्याच्या कन्सोलवर कॉम्प्युटर असेल आणि दुपारी रेग्युलेटर बदलून मिळाला, तर त्यावर दुसऱ्याच कोणाचा नायट्रोजन असतो! मनगटावरचा आपल्याबरोबर जेवायलासुद्धा येतो. पट्टा तेवढा लवचिक घ्यावा, कारण खोलवर सूटचं रबर दबून मनगट बारीक होतं आणि साधा पट्टा सैल पडतो.

इंटर्नशिपच्या पैशांतून मी सगळ्यात साधा मनगटी कॉम्प्युटर घेतला. दाबाचा मीटर भाड्याच्या रेग्युलेटरबरोबर येतोच. त्याच्या नळीला अडकवायला एक क्लिप स्वतःची घेतली आहे; पाण्यात उतरायच्या आधी ती जॅकेटच्या छातीवरच्या कडीत लावतो. मीटर मागे लोंबकळत नाही, प्रवाळावर आपटत नाही, आणि मान खाली घातली की काटा दिसतो.