दमट हवेत वाळणारा चीक

टोकियो राष्ट्रीय संग्रहालयात ओगाता कोरिन (१६५८-१७१६) या कलावंताची एक लेखनपेटी आहे. लांबी जेमतेम २७ सेंटिमीटर. वरच्या कप्प्यात शाईची वडी उगाळायची सहाण, खालच्या कप्प्यात कागद. काळ्याभोर पृष्ठभागावर आयरिसची फुले शिंपल्याची, पाने सोन्याची आणि झाकणावरून बाजूंवर उतरणारा लाकडी पूल चक्क शिशाच्या पत्र्याचा. ‘इसे मोनोगातारी’ या जुन्या कथासंग्रहातला हा प्रसंग, पण चित्रात माणूस एकही नाही. जपानने ही पेटी ‘राष्ट्रीय ठेवा’ ठरवली आहे.

हा काळा थर आपल्याकडच्या लाखेसारखा किड्यांपासून मिळत नाही. तो उरुशी झाडाचा चीक. दहा-पंधरा वर्षांचे झाड एका हंगामात सुमारे २०० मिलिलिटर चीक देते आणि मग बहुधा तोडले जाते. चिकातले उरुशिओल अंगाला लागले तर खाज सुटते, फोड येतात. बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्यांना हा त्रास सांगायला नको. बिब्बा त्याच कुळातला, आणि त्याच्या तेलातली रसायनेही उरुशिओलची जवळची नातलग. आंबा आणि काजूही याच कुळातले.

नवल पुढेच आहे. रंग वाळतो कोरड्या हवेत, उरुशीला मात्र दमट हवा लागते. कारण ती नुसती सुकत नाही, तिच्यात रासायनिक बदल होतो. चिकातले तांबेयुक्त एन्झाइम, लॅकेस, हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने उरुशिओलचे रेणू एकमेकांत गुंफते, आणि या कामाला ओल हवी. रसायनशास्त्रज्ञ हिकोरोकुरो योशिदा यांनी १८८३ मध्येच या एन्झाइमचा माग काढला होता. म्हणून कारागीर लाखकाम दमट कपाटात ठेवतात: २०-३० अंश सेल्सिअस, आर्द्रता ७० ते ८५ टक्के.

सोन्याचे नक्षीकाम, म्हणजे माकी-ए, उरुशीच्या संथ वाळण्यावरच उभे आहे. कारागीर उरुशीनेच पान रेखतो. ते चिकट असतानाच, टोकाला तलम रेशीम बांधलेल्या नळीत सोन्याची भुकटी भरून बोटाने हलकी टिचकी मारतो. घाई केली तर कण चिकात बुडतात, उशीर झाला तर चिकटतच नाहीत. मग पुन्हा दमट कपाट, पुन्हा उरुशीचा हात, कोळशाने घासणे, चकाकी आणणे. एका पानासाठी एवढा खटाटोप!

कडक झालेल्या उरुशीला पाणी, आम्ल, अल्कोहोल सहजी बाधत नाही. १८७४ मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनातल्या वस्तू परत आणणारे ‘नील’ जहाज इझू द्वीपकल्पाजवळ बुडाले. पुढे समुद्रातून वर काढलेल्या लाखवस्तूंची झळाळी बरीचशी शाबूत होती. तिला सोसत नाहीत ती अतिनील किरणे. त्यांनी पृष्ठभाग निस्तेज होतो, सूक्ष्म तडे जातात. त्यामुळे अशा पेट्या मंद प्रकाशात आणि मोजकाच काळ मांडल्या जातात.