भिंत आधी, पॅनल नंतर

बेंगळूरच्या नव्या सदनिकांमध्ये दिवाणखान्याची एखादी भिंत जमिनीपासून तीन फुटांपर्यंत चौकटींनी सजवण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. उभ्या-आडव्या पट्ट्या, त्यांच्या आत मोल्डिंग, वरच्या काठाला हात टेकवावा अशी एक आडवी पट्टी, आणि सगळ्यावर पांढरा किंवा राखाडी रंग. या कामाला वेनस्कॉटिंग म्हणतात. नोकरीसाठी तिथे स्थिरावलेल्या मराठी घरांतही ते दिसू लागले आहे. डिझाइनवर भरपूर चर्चा होते, पण भिंतीत ओल किती आहे, हा प्रश्न क्वचितच निघतो. काम टिकणार की नाही, हे मात्र त्याच प्रश्नावर ठरते.

युरोपात ही रीत गरजेतून वाढली. थंड दगडी भिंतींमुळे खोलीत गारठा राही आणि बाकांच्या, खुर्च्यांच्या पाठी घासून गिलावा उखडे. ट्यूडर काळातल्या इंग्लंडमध्ये श्रीमंत घरांच्या भिंतींवर ओकच्या फळ्या चढल्या. त्यातले बरेच लाकूड बाल्टिक किनाऱ्यावरून येई. पुढे 19व्या शतकात हीच ट्यूडर धाटणी वसाहतींमध्ये पुन्हा अवतरली. बेंगळूरचा राजवाडा याच धाटणीचा आहे. रेव्हरंड गॅरेट यांची ही मालमत्ता 1873 मध्ये बाल महाराजा चामराजेंद्र वडियार यांच्यासाठी विकत घेतली गेली.

दख्खनेत सागवान मुख्यतः खांब, तुळया, महिरपी आणि छताच्या तक्तपोशीसाठी वापरले गेले. 1732 मध्ये उभ्या राहिलेल्या शनिवारवाड्यासाठी जुन्नरच्या रानातले सागवान आणि जेजुरीचा चुना आणला होता. 1828 च्या आगीत त्या वाड्याचे लाकूडकाम गेले. तरी पुण्याच्या विश्रामबागवाड्यात आणि बेंगळूरच्या किल्ल्याजवळ 1791 मध्ये पूर्ण झालेल्या टिपूच्या महालात दख्खनी सुतारकामाची ऐट आजही पाहायला मिळते. जुन्या बांधकामांत भिंतींना चुन्याचा गिलावा असे. तो ओल शोषून घेतो आणि हवा कोरडी झाली की सोडतो. आजच्या भिंती काँक्रीट ब्लॉकच्या, सिमेंट गिलाव्याच्या आणि प्लास्टिक रंगाच्या असतात. त्यांच्यावर बोर्ड घट्ट चिकटवला की मागची ओल बाहेर पडायला वाटच उरत नाही.

लाकूड स्वतःही स्थिर नसते. दमट हवेत ते फुगते, कोरड्या हवेत आकसते. हा बदल फळीच्या लांबीत नगण्य असतो, रुंदीत मात्र जाणवतो. ओले सागवान पूर्ण वाळेपर्यंत, फळी कशी कापली आहे त्यानुसार, रुंदीत सुमारे अडीच ते सहा टक्के आकसते. घरात बसवलेल्या फळीतली ओल ऋतुमानानुसार चार टक्क्यांनी बदलली, तरी 300 मिलिमीटर रुंदीची फळी दोन-अडीच मिलिमीटरपर्यंत सरकू शकते. बेंगळूरला मार्च-एप्रिलमध्ये हवा कोरडी असते, आणि नैर्ऋत्य मोसमी पावसानंतर ऑक्टोबरमध्ये ईशान्य वाऱ्यांचा पाऊस येतो. त्यामुळे ही ये-जा चुकत नाही. जुन्या कारागिरांनी यावर शहाणा उपाय काढला. चौकटीचे सांधे कुसू घालून पक्के करायचे, आतली फळी मात्र खाचेत नुसती बसवायची आणि तिला सरस लावायचा नाही. फळी आतल्या आत सरकते, चौकट फाटत नाही.

या शास्त्राचा अभ्यास बेंगळूरमध्येच दीर्घकाळ चालला आहे. 1938 च्या वन संशोधन प्रयोगशाळेतून वाढलेली काष्ठ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था मल्लेश्वरममध्ये आहे. तुमकूर रस्त्यावर 1962 मध्ये प्लायवूड उद्योगासाठी स्वतंत्र संशोधन संस्था उभी राहिली. बांबूच्या विणलेल्या चटया राळेने एकजीव करून त्यांचे बोर्ड बनवण्याचे तंत्र तिथे विकसित झाले. सागवानाला हात लावणे परवडत नसेल, तर हा पर्याय विचारात घ्यावा असा आहे.

बाजारात मात्र बराच खपतो तो एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू राळेने दाबून बनवलेला बोर्ड. त्याची भारतीय मानके आयएस 12406 मध्ये आहेत. तो गुळगुळीत असतो, त्याच्यावर रंग छान बसतो, पण उघड्या कडेतून पाणी शिरले की तो फुगतो आणि पूर्ववत होत नाही. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर तो लावू नये. तिथे आयएस 710 चे मरीन प्लायवूड घ्यावे. त्याचा चिकटा 72 तास उकळून तपासलेला असतो. कोरड्या आतल्या भिंतीला आयएस 303 चे प्लायवूड पुरते. बोर्डावर छापलेला क्रमांक स्वतः वाचावा.

भिंतीची परीक्षा सोपी आहे. हातभर पॉलिथिनचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करावा आणि एक-दोन दिवसांनी पाहावे. आत दव जमले किंवा गिलावा काळवंडला, तर काम थांबवावे. नळाची गळती किंवा बाहेरच्या भिंतीची भेग आधी दुरुस्त व्हायला हवी. जाड फळ्या लावताना भिंतीवर रीपा ठोकून मागे हवा खेळती ठेवावी, आणि फळीची मागची बाजूही रंगवावी. एकाच बाजूला रंग असलेली फळी वाकते.

आखणीसाठी भिंतीच्या उंचीचा साधारण तिसरा हिस्सा धरतात. रुंदीचे गणितही सरळ आहे. भिंत 3600 मिलिमीटर, चौकटी पाच आणि मधल्या-कडेच्या सहा मोकळ्या जागा 100 मिलिमीटरच्या, तर प्रत्येक चौकट 600 मिलिमीटरची येते. स्विचबोर्ड कुठल्या चौकटीत पडतो हे कागदावरच पाहून घ्यावे. ओळंबा आणि गुण्या लावल्याशिवाय पहिली पट्टी ठोकू देऊ नये.

म्हणून कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात मोल्डिंगच्या दरासोबत आणखी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: भिंतीतल्या ओलीची तपासणी, बोर्डाचा मानक क्रमांक आणि मागच्या बाजूचा रंग. यासाठी वाढणारा खर्च थोडा आहे. ते न करता सजवलेली भिंत दोन पावसाळ्यांत उखडून पुन्हा करण्याचा खर्च त्याहून कितीतरी जास्त आहे, आणि वाया जाणारे लाकूड वेगळेच.