परक्या अवयवाची राखण : प्रत्यारोपण आणि प्रयोगशाळा

अवयव-प्रत्यारोपणाचा इतिहास सांगताना शस्त्रवैद्यांच्या हस्तकौशल्याला अग्रमान देण्याचा प्रघात आहे, आणि २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टन येथे जोसेफ मरी यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याच्या देहात बसविले तो पराक्रम पाहता तो रास्तही आहे. परंतु ते भाऊ एकबीज जुळे होते, म्हणूनच देहाने तेथे हरकत घेतली नाही. इतरत्र हरकत घेते ती रोगप्रतिकारशक्ती, आणि त्याच दात्याची त्वचा दुसऱ्या खेपेस लावली असता ती अधिक त्वरेने घेते, हे पीटर मेडावर यांनी त्यापूर्वीच दाखवून दिले होते. या शक्तीचा कल प्रयोगशाळेत कसा जोखावा, हाच प्रत्यारोपणशास्त्राचा मूलभूत प्रश्न होय.

१९६४ साली लॉस एंजल्सचे पॉल तेरासाकी यांनी या प्रश्नाला हाताळण्याजोगे रूप दिले. बारीक खळग्यांच्या तबकडीत, तेलाच्या थराखाली, रुग्णाच्या रक्तद्रवाचा मिलिलिटरच्या हजाराव्या भागाएवढा थेंब घ्यावयाचा, त्यात दात्याच्या लसिकापेशी व सशाच्या रक्तद्रवातील पूरक प्रथिने मिसळावयाची आणि शेवटी रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचे. जिवंत पेशी रंगाला आत येऊ देत नाही आणि चकाकत राहते. मेलेली रंग शोषून काळवंडते. प्रतिपिंडे चिकटलेल्या पेशी या पूरक प्रथिनांमुळे मरतात; म्हणून मेलेल्या पुष्कळ दिसल्या, तर रुग्णाच्या रक्तात त्या दात्याविरुद्ध प्रतिपिंडे आधीपासून सज्ज आहेत, असा रोकडा पुरावा मिळतो. पटेल व तेरासाकी यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या तपशिलानुसार, ही चाचणी प्रतिकूल असूनही बसविलेल्या ३० मूत्रपिंडांपैकी २४ तत्काळ निकामी झाली होती. ‘क्रॉसमॅच’ या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी सक्तीची झाली ती या दाखल्यामुळे.

शस्त्रक्रियेपूर्वीचा हा फैसला आज पुष्कळ पक्का झाला असला, तरी त्यानंतरचा बंदोबस्त अद्याप अपुरा आहे. प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी दिल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातील पातळी औषध किती पोहोचले एवढेच सांगते. प्रतिकारशक्ती किती नमली, हे सांगत नाही. मूत्रपिंड मंदावल्याने रक्तात साचणारे क्रिएटिनिन चढते तेव्हा धूर दिसेतो घर पेटलेले असावे तशी अवस्था झालेली असते. अवयवाचा कण सुईने काढून तपासणाऱ्या बायॉप्सीचा कौल अधिक विश्वसनीय खरा, पण सुई वारंवार टोचता येत नाही.

म्हणूनच संशोधकांची दृष्टी रक्तातील सूक्ष्म खुणांकडे वळली आहे. इजा झालेल्या अवयवाच्या पेशींतून दात्याचे डीएनए रुग्णाच्या रक्तात उतरते. त्याचे वाढते प्रमाण इजेचा इशारा देते, कारण मात्र सांगत नाही. एलिस्पॉट चाचणीत दात्याच्या पेशी पाहून चवताळणारी प्रत्येक लसिकापेशी आपला एक ठिपका उमटविते, आणि ते ठिपके मोजता येतात. जपानमध्ये १९९७ साली आढळलेला टॉर्क टेनो हा विषाणू बहुतेकांच्या रक्तात निरुपद्रवीपणे राहतो. प्रतिकारशक्ती दबली की त्याची संख्या वाढते, आणि म्हणून त्याच्याच गणनेवरून औषधाची मात्रा ठरवावी काय, याची परीक्षा युरोपात हाती घेण्यात आली आहे.

औषध कमी पडले तर अवयव जातो आणि अधिक झाले तर जंतुसंसर्ग व कर्करोग यांना वाट मिळते. या दोहोंमधील अरुंद वाट प्रत्येक देहागणिक निराळी असते. आपल्या देशात बहुतेक मूत्रपिंडे आप्तांनी, पुष्कळदा आईने वा पत्नीने, जिवंतपणी दिलेली असतात. अशा दानाची राखण सरसकट मात्रेवर सोपविणे न्याय्य नाही, आणि ती ज्याच्या त्याच्या देहाची साक्ष घेऊन करणारी प्रयोगशाळा ही शस्त्रक्रियागृहाइतकीच अगत्याची आहे.