राईस प्लेट, कॉफी आणि बसायची जागा

१९८५च्या सुमारास मी फोर्टातल्या एका कचेरीत नोकरीला लागलो. दुपारी एक वाजला की जिना उतरून उडप्याकडे शिरायचं. दहाच्या नोटेत राईस प्लेट आणि कॉफी होऊन परतीच्या बसचे पैसे उरायचे. खणाखणाच्या स्टीलच्या ताटात दोन चपात्या, भाताची मूद, सांबार, सुकी भाजी, ताक, पापड. दाराशी माणसं ताटकळत असायची, म्हणून वीस मिनिटांत उठावं लागे. समोर अनोळखी माणूस बसला, तरी लोणच्याची बरणी आपोआप त्याच्याकडे सरकायची.

हे जेवण इतकं स्वस्त कसं, असा प्रश्न तेव्हा पडला नाही. मुंबईच्या स्वस्त जेवणाचं मूळ शोधायला गिरणगावात जावं लागतं. कोकणातून, घाटावरून आलेले कामगार बायकामुलांना गावी ठेवून चाळीच्या एकेका खोलीत दाटीवाटीनं राहायचे, पाळीप्रमाणे आळीपाळीनं झोपायचे. त्यांना जेवू घालायच्या त्याच चाळीतल्या बायका. पहाटे स्टोव्ह पेटवायचा, दहा-पंधरा मेंबरांच्या, म्हणजे महिन्याचा डबा लावलेल्या कामगारांच्या, चपात्या लाटायच्या, डबे भरायचे आणि पैशांसाठी महिनाअखेरीची वाट पाहायची. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज डोक्यावर. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, ते मला या शहराच्या इतिहासातलं फार मोठं काम वाटतं. पुढे १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. मेंबर गावी परतले आणि कितीतरी खाणावळींच्या चुली थंडावल्या.

म्हणजे आपल्या स्वस्त ताटाची किंमत कुणीतरी मोजतच होतं. हॉटेलांतही तेच. फडका मारणारा पोऱ्या रात्री त्याच टेबलांवर झोपायचा. नशीब असलं तर रात्रशाळेत जायचा. त्या दिवसांची आठवण काढताना त्या मुलाला वगळून चालणार नाही.

या स्वस्ताईचं दुसरं कारण भाड्याचं. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे जुन्या पागडीच्या जागांची भाडी जवळजवळ गोठली. इराण्याचं संगमरवरी टेबल, एक ब्रून मस्का आणि एका चहावर तासभर बसलेलं गिऱ्हाईक, हे त्या भाड्यातच परवडायचं. धोबीतलावची १९०४ सालची कयानी टिकली, समोरची बस्तानी गेली. जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार १९६४ला सुरू झालं आणि २०१५ला बंद पडलं. तिथे एका चहावर चित्रकार दुपार काढू शकत होते.

कॉफीची गोष्ट आणखी बोलकी आहे. भारतीयांना कॉफीची गोडी लावण्यासाठी पहिलं इंडिया कॉफी हाऊस १९३६ साली चर्चगेटला निघालं. पुढे कॉफी बोर्डानं ही दुकानं बंद करायला घेतली, तेव्हा कामगारांनी १९५७पासून सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवायला घेतली. हॉर्निमन सर्कलला स्टारबक्स आलं ते २०१२मध्ये.

आज मॉलमध्ये एका कॉफीला अडीचशे-तीनशे रुपये पडतात. कॉफी महागली म्हणून, असं सांगतात. ती महागली हे खरंच आहे. ब्राझील आणि व्हिएतनाममधल्या दुष्काळानंतर फेब्रुवारी २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका पौंडाला चार डॉलरच्या वर गेली. पण त्या चढ्या दरानंही एका कपाला पंधरा ग्रॅम बी धरलं, तर कच्च्या कॉफीचा खर्च बारा रुपयांच्या आसपास येतो. दूध, साखर, भाजणावळ, पगार मिळवा; तरी बिलाचा मोठा वाटा जागेचं भाडं, सजावट आणि नाव यांचाच उरतो. आपण पैसे मोजतो ते खुर्चीचे.

मला खंत आहे ती याचीच. कुरिअरवाला, शिकाऊ वकील, परीक्षेला आलेली मुलगी यांना पंख्याखाली टेकायला शहरात जागा उरली नाही. वडापाव गाडीवर उभ्यानं मिळतो; बसायचं कुठे?

काही ठिकाणं अजून तग धरून आहेत. माटुंगा स्टेशनजवळ रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ सालचं. केळीच्या पानावर गरम भात, त्यावर रसम, वाढपी पुन्हा पुन्हा विचारणार. जवळच्या एखाद्या मद्राशी हॉटेलात फिल्टर कॉफी घ्या: चिकोरी मिसळलेला दाट काढा, त्यावर उकळतं दूध, पेल्यातून वाटीत उंचावरून ओतून आणलेला फेस. तुमच्या गावातही असं एखादं जुनं ठिकाण असेल. ते बंद पडल्यावर हळहळण्यापेक्षा या आठवड्यातच तिथे जेवायला जा, आणि नव्या पिढीतल्या एकाला तरी सोबत न्या.