टीपीआरचा तळ चिवट कशामुळे?



बाभळीच्या काट्यावर पाय पडला, तर काटा आणि पाय यांच्यामध्ये असतो तो फक्त वहाणेचा तळ. दुकानदार सांगतो, "टीपीआरचा आहे, तुटायचा नाही." तो बरंचसं खरं बोलतो. पण हा तळ काही ठिकाणी दगाही देतो, आणि दोन्हींचं कारण त्याच्या आतल्या बांधणीत आहे.

रबर म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या लांबच लांब धाग्यांचा गुंता. टीपीआरमध्ये बहुधा एसबीएस नावाचा माल असतो. शेल कंपनीने तो १९६५ साली अमेरिकेत बाजारात आणला. याच्या प्रत्येक धाग्यात तीन तुकडे एकापुढे एक जोडलेले असतात. मधला तुकडा लांब, मऊ आणि ताणणारा. दोन्ही टोकांचे तुकडे आखूड आणि कडक; थर्मोकोल ज्या द्रव्याचा बनतो, त्याच द्रव्याचे.

कडक आणि मऊ तुकड्यांचं आपसात जमत नाही, तेलपाण्यासारखं. पण एकाच धाग्यात गुंफलेले, जाणार कुठं? मग शेजारपाजारच्या धाग्यांची कडक टोकं एकत्र येऊन बारीक गोळ्या बनतात. एक गोळी मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाच्या दोन-तीन पट एवढीच. याच गोळ्या खुंट्यांचं काम करतात.

आता दाव्याचं उदाहरण घ्या. दावं दोन खुंट्यांना बांधलं, की कितीही ओढा, ताण दोन्हीकडे वाटला जातो. एकच टोक बांधलं, तर दुसरं नुसतं लोंबतं. एक कडक आणि एक मऊ अशा दोनच तुकड्यांचा मालही बनतो. तो ओढला की धागे घसरतात, तळाला तो काही कामाचा नाही. तीन तुकड्यांत मधले धागे एकमेकांत अडकलेले, आणि टोकं पक्की. त्यामुळे गुंता सुटत नाही. चीर पडू लागली, तर जोर या गोळ्या झेलतात आणि चीर लवकर पुढे सरकत नाही. हाच चिवटपणा.

प्रमाणही जमावं लागतं. कडक भाग शंभरात तीसच्या आसपास असला, तर माल रबरासारखा. सत्तर-पंचाहत्तर झाला, की पारदर्शक पेल्यासारखा कडक प्लास्टिक होतो. कडक टोकं फारच आखूड राहिली, तर गोळ्या बांधल्याच जात नाहीत.

आता उणी बाजू. टायरच्या रबरातले धागे गंधकाने कायमचे सांधलेले असतात. इथं नुसत्या गोळ्यांची पकड. साठ-सत्तर अंशांपासून ती ढिली होते, शंभराच्या सुमारास सुटतेच. म्हणून ओली पायताणं चुलीजवळ वाळवू नका. उन्हातही टाकून ठेवू नका. मधला मऊ तुकडा उन्हाने आणि हवेने कडक होऊन भेगाळतो.

पेट्रोल आणि काही कीटकनाशकांतली द्रावणं या गोळ्या विरघळवतात, बरं का. औषध सांडलं, तर लगेच साबणपाण्याने धुवा. फवारणीसाठी नायट्राइल रबराचे बूट वेगळेच ठेवा.

झिजलेले टीपीआर तळ चुलीत घालू नका, काळा धूर होतो. भंगारवाल्याला वेगळे काढून द्या. ते वितळवून पुन्हा तळ ओतता येतात, टायरचे येत नाहीत.