औषध सोडताना लागलेली ठेच

काही औषधे अशी असतात की, ती घेण्यास जितका धीर लागतो त्याहून अधिक धीर ती सोडण्यास लागतो. सांधेदुखी, दमा, त्वचेचे हट्टी रोग, मूत्रपिंडाचे काही विकार अशा कितीतरी दुखण्यांवर डॉक्टर प्रेडनिसोलोन नावाची एक लहानशी गोळी देतात. ह्या जातीच्या औषधांस स्टेरॉइड असे म्हणतात. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरच्या फडताळात ती आज असेल. चार वर्षे घेतलेली ही गोळी हळूहळू सोडीत असताना आम्हांस एक अपघात झाला, आणि केवळ आमच्या अज्ञानामुळे साधी दुखापत जिवावर बेतली. तो प्रसंग येथे सांगतो तो आपले दुःख उगाळण्यासाठी नव्हे; जी ठेच आम्हांस लागली ती दुसऱ्या कोणास लागू नये, एवढाच हेतू.

आम्हांस आमवात जडला तेव्हा सकाळी सदऱ्याची बटणे लावणेही अशक्य झाले होते. गोळी सुरू झाली आणि आठवड्याच्या आत आम्ही पुन्हा विळा हाती धरला. परंतु ह्या औषधाचे ऋण फुकट मिळत नाही. पुढे चेहरा गोल झाला, रक्तातील साखर वाढली, कातडी पातळ होऊन जराशा धक्क्याने निळे डाग उठू लागले. म्हणून संधिवाताचे दुसरे औषध लागू पडल्यावर डॉक्टरांनी ही गोळी उतरविण्यास सुरुवात केली. दहा मिलिग्रॅमवरून साडेसात, काही आठवड्यांनी पाच, आणि मग एक दिवस पाच व एक दिवस अडीच असा क्रम ठरला. "घाई करू नका," त्यांनी बजावले होते, "आणि काहीही झाले तरी गोळी एकदम बंद करू नका." पहिले वाक्य आम्ही ऐकले, दुसरे कानावरून गेले. प्रत्येक कमी झालेली गोळी आम्हांस एक एक विजय वाटू लागली होती.

आषाढाचे दिवस होते. खानापूर तालुक्यातील आमच्या गावी त्या महिन्यात आकाश उघडे पाहावयास मिळत नाही. पहाटे गोठ्याकडे जाताना शेवाळलेल्या पायरीवरून पाय घसरला आणि आम्ही डाव्या हातावर पडलो. मनगट मोडले. नडगीवरची कातडी ओल्या कागदासारखी फाटून बाजूला सरकली. शेजारच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी हाडवैद्याकडे नेण्याचा आग्रह धरला. परंतु मुलाने ऐकले नाही व आम्हांस शहरातील इस्पितळात नेले. तेथे हात जागेवर बसवून प्लास्टर घातले, जखम धुऊन बांधली. "मधुमेह, रक्तदाब, आणखी काही औषध चालू आहे काय?" असे त्यांनी विचारले. "साखर थोडी आहे, बाकी काही नाही," असे आम्ही सांगितले. खोटे बोलण्याचा हेतू नव्हता. सांध्याची गोळी आणि मोडलेले मनगट ह्यांचा काही संबंध असेल, असे मनातही आले नाही.

घरी आल्यावर अन्न जाईना. मळमळीमुळे पहिल्या दिवशी गोळी उलटून पडली. दुसऱ्या दिवशी आम्ही ती घेतलीच नाही. सूनबाईने विचारले, "बाबा, सकाळची गोळी?" आम्ही म्हणालो, "राहू दे. नाहीतरी सोडायचीच आहे. दोन दिवस आधी सुटली तर बरेच झाले." हे वाक्य आठवले की आजही अंगावर काटा येतो.

तिसऱ्या दिवशी उठून बसताच डोळ्यांपुढे अंधारी आली. पोटात कळा, उलट्या, अंगात त्राण नाही. दुपारी आम्ही असंबद्ध बोलू लागलो, असे घरचे सांगतात. प्लास्टरमुळे ताप भरला असावा, अशक्तपणा आहे, लिंबूपाणी द्या, असे सल्ले निघू लागले. तेव्हा सूनबाईने एकच गोष्ट केली. डॉक्टरांची जुनी चिठ्ठी आणि गोळ्यांचे अर्धे पाकीट पदरात बांधले आणि आम्हांस गाडीत घालून तालुक्याच्या डॉक्टरांपुढे ती दोन्ही ठेवली. "ही गोळी चार वर्षे चालू आहे, तीन दिवस पोटात राहिलेली नाही," एवढेच ती बोलली. डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला आणि क्षणाचाही विलंब न लावता हायड्रोकॉर्टिझोनचे शंभर मिलिग्रॅमचे इंजेक्शन दिले, सलाईन लावले व रुग्णवाहिकेतून आम्हांस बेळगावला पाठविले. त्या रात्रीच आम्ही माणसे ओळखू लागलो. सकाळी चहा मागितला.

हे असे का व्हावे? आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. कॉर्टिसॉल नावाचा रस ती रोज रक्तात सोडते. रक्तदाब टिकविणे, रक्तातील साखर राखणे, आजाराशी झुंजण्याचे बळ देणे ही त्याची कामे. निरोगी माणसाचे हाड मोडले, मोठा ताप आला किंवा शस्त्रक्रिया झाली, तर मेंदूकडून हुकूम सुटतो आणि ही ग्रंथी नेहमीच्या कितीतरी पट रस तयार करते. प्रेडनिसोलोनची गोळी त्याच रसाचे काम करते. बाहेरून आयता पुरवठा होतो असे पाहून मेंदू हुकूम देणे थांबवितो आणि ग्रंथी निजते. ज्या बैलाच्या मानेवर चार वर्षे जू ठेवले नाही, त्याला एके दिवशी अचानक भरल्या गाडीला जुंपले तर तो गुडघे टेकणारच. आमचे मनगट मोडले त्या दिवशी आमच्या बैलाची स्थिती नेमकी अशी होती; आणि त्याच वेळी आम्ही बाहेरचा पुरवठाही तोडला.

वैद्यकशास्त्राला हे ज्ञान कटू अनुभवातूनच मिळाले आहे. १९४८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील रॉचेस्टर येथे मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच व त्यांच्या सहकाऱ्यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिझोनचे इंजेक्शन दिले आणि थोड्याच दिवसांत ती चालू लागली. जगाला तो चमत्कार वाटला. १९५० साली हेंच, एडवर्ड केंडल आणि स्वित्झर्लंडमधील टाडेउश राइखश्टाइन ह्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु दोनच वर्षांनी, १९५२ साली, अमेरिकेतील डॉक्टरांनी एक दुःखद हकीकत प्रसिद्ध केली. कित्येक महिने कॉर्टिझोन घेतलेला संधिवाताचा एक रुग्ण शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच रक्तदाब कोसळून दगावला होता, आणि त्याच्या अधिवृक्क ग्रंथी सुकून गेलेल्या आढळल्या. तेव्हापासून अशा रुग्णाला शस्त्रक्रियेच्या व मोठ्या दुखापतीच्या वेळी जादा औषध देऊन सांभाळण्याची काळजी डॉक्टर घेऊ लागले. मात्र रुग्ण ही गोळी घेतो हे त्यांस कळले तरच ना!

शरीराची रोजची स्वाभाविक गरज प्रेडनिसोलोनच्या हिशेबाने सुमारे पाच मिलिग्रॅम इतकी धरतात. गोळी ह्या पायरीपर्यंत उतरली म्हणजे झोपलेल्या ग्रंथीने जागे होऊन उरलेला भार उचलावा, अशी अपेक्षा असते. म्हणून उतरणीची शेवटची वाट सर्वांत नाजूक. ग्रंथी पुरती जागी होण्यास कित्येकांस महिने लागतात, काहींस वर्ष किंवा त्याहूनही अधिक. ती जागी झाली की नाही हे पाहण्यासाठी डॉक्टर सकाळच्या वेळी रक्त घेऊन कॉर्टिसॉल मोजतात.

बेळगावच्या डॉक्टरांनी आमच्या बाबतीत काय केले तेही सांगितले पाहिजे. प्रथम उतरणी थांबविली. काही दिवस इंजेक्शनाने व नंतर गोळीने वाढीव मात्रा दिली. प्रकृती स्थिरावल्यावर ती अपघातापूर्वीच्या पायरीवर आणली, आणि जखम भरून प्लास्टर निघेपर्यंत तेथेच ठेवली. त्यानंतरच पुन्हा उतरणे सुरू झाले. "आपण मागे गेलो," अशी खंत आम्ही व्यक्त केली, तेव्हा ते हसून म्हणाले, "पुरात नाव काठाला बांधून ठेवणारा नावाडी मागे जात नाही." कोणाची मात्रा किती वाढवावी, वाढवावी की नाही, हे दुखापतीवर व चालू मात्रेवर अवलंबून असते, ते डॉक्टरांनीच ठरवावे. आपले काम त्यांस खरी माहिती देण्याचे.

जखमेचीही वेगळीच तऱ्हा. ह्या औषधाने कातडी पातळ होते व जखम सावकाश भरते. त्याहून मोठा धोका असा की, आत पू धरला तरी ताप, लाली व सूज ही नेहमीची लक्षणे मंद दिसतात. म्हणून परिचारिकेने सांगितल्याप्रमाणे आमची जखम रोज उजेडात पाहिली जाई. पातळ कातडीवर चिकटपट्टी न लावता सैल पट्टी बांधली जाई. साखर वारंवार तपासावी लागली. वेदनेसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या मनाने घेऊ नका, अशी सक्त ताकीद मिळाली. कारण स्टेरॉइडच्या जोडीला त्या आल्या म्हणजे जठरात व्रण होऊन रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. हाडेही ह्या औषधाने ठिसूळ होतात. मनगट इतक्या सहज मोडले त्याचे कारण कदाचित तेच असावे. तेव्हापासून हाडांसाठी डॉक्टरांनी दिलेले औषध नियमाने चालू आहे, आणि गोठ्याच्या पायरीवरचे शेवाळ मुलाने खरवडून काढून तेथे धरावयास बांबूचा कठडा केला आहे.

पुढे उतरणी पुन्हा सुरू झाली तेव्हा आम्ही तीन प्रकारच्या त्रासांत भेद करावयास शिकलो. मात्रा कमी झाली की काही दिवस अंग मोडून येते, उदासी येते, लहानसहान गोष्टींचा राग येतो. हे बहुधा ओसरते, परंतु लांबले तर डॉक्टरांस सांगावे. सांधे सुजून सकाळी ताठर राहू लागले तर मूळ दुखणे डोके वर काढीत आहे असे समजून त्यांच्याकडे जावे. आणि उलट्या, पोटदुखी, उठताच भोवळ, कमालीचा थकवा, बोलण्यात गोंधळ ही लक्षणे दिसली, तर ती वाट पाहण्याची वेळ नव्हे. त्याच घटकेस इस्पितळ गाठावे. गोळी उलटून पडत असेल तर तोंडाने औषध देत बसण्यात अर्थ नसतो. तेव्हा इंजेक्शनच लागते.

उदासीच्या त्या दिवसांत आम्ही घरच्यांवर फार चिडलो. चहा गार म्हणून एकदा कप सरकवून दिला. आमच्या कुटुंबाने तो निमूटपणे पुन्हा गरम करून आणला व म्हणाली, "हे तुम्ही नाही बोलत, उतरती गोळी बोलते आहे." रुग्णाला औषधाइतकीच अशा समजुतीची गरज असते, हे आम्ही त्या दिवशी जाणले.

आणखी एक सावधगिरी. बाजारात व जत्रेत सांधेदुखीवर, दम्यावर नाव-गाव नसलेल्या पुड्या मिळतात. त्यांतील कित्येकांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. दोन दिवसांत गुण येतो तो त्यामुळेच. असा माणूस पुडी बंद करतो, पडतो, आणि आपण काय घेत होतो हे त्यालाच ठाऊक नसते. घरात कोणी अशी पुडी बराच काळ घेत असेल, तर तीही डॉक्टरांस दाखवावी; लाजू नये.

इंग्लंडमध्ये २०२० सालापासून अशा रुग्णांना खिशात बाळगण्यासाठी एक खास पत्र देतात. आमच्या सूनबाईने पुठ्ठ्याच्या तुकड्यावर तसेच पत्र स्वहस्ते लिहून दिले: "हे गृहस्थ चार वर्षे प्रेडनिसोलोन घेत होते. मात्रा कमी होत आहे. अपघात, शस्त्रक्रिया किंवा उलट्या झाल्यास डॉक्टरांस प्रथम हे दाखवावे." खाली घरचा दूरध्वनी क्रमांक. अपघातानंतर अकराव्या महिन्यात सकाळच्या रक्ततपासणीचा निकाल समाधानकारक आला आणि डॉक्टरांनी शेवटची गोळी बंद केली. ते पत्र मात्र पुढेही वर्षभर जवळ ठेवण्यास त्यांनी सांगितले. कारण जागी झालेली ग्रंथी मोठ्या ओझ्याखाली पुन्हा अडखळू शकते.

ते वर्ष आता सरले आहे. तरी रविवारी मिस्सेला जाताना सदरा बदलला की सूनबाई दारातून विचारते, "बाबा, पत्र घेतले का?" आणि आम्ही खिसा चाचपून दाखवितो. वाचकहो, आपल्या घरी कोणी ही गोळी घेत असेल, तर आज संध्याकाळी जेवणापूर्वी असाच एक पुठ्ठा कापावा. लिहावयास पाच मिनिटे पुरतात.