नंदी रंगवताना टर्पेंटाइन जपून

पोळा जवळ आला की आष्टीच्या बाजारात लाकडी नंदी दिसू लागतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मुले हे चाकांचे नंदी सजवून घरोघर नेतात आणि बोजारा मागतात. माळ्यावरचा जुना नंदीही या दिवसांत खाली उतरतो आणि नव्याने रंगवला जातो. हौशी मंडळी पांढऱ्या रंगावर तपकिरीचा अगदी पातळ, पारदर्शक हात देऊन वशिंडाला, मानेला छटा आणतात. चित्रकार यालाच ग्लेझिंग म्हणतात.

रंग इतका पातळ करायचा म्हणजे टर्पेंटाइन किंवा थिनर आलेच. पावसामुळे दारे-खिडक्या लावलेल्या असतात. या द्रवांची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते, आणि आपण तर जमिनीवरच बसून रंगवतो. डोके जड होणे, गरगरणे, डोळे चुरचुरणे ही पहिली लक्षणे. दमेकऱ्याला धापही लागते. कापडी मास्क ही वाफ अडवत नाही. ‘वास नसलेले’ टर्पेंटाइनही उडतेच, फक्त नाकाला कळत नाही. काम ओसरीवर करावे, डबी झाकलेली ठेवावी.

डॉक्टर म्हणून मला खरी धास्ती असते ती पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलेल्या टर्पेंटाइनची. दिसायला पाणीच. मूल एक घोट घेते, ठसका लागतो आणि त्या ठसक्यातच थोडा द्रव फुप्फुसात उतरतो. पोटात गेलेल्यापेक्षा हे चार थेंब जास्त घातक, कारण त्यातून न्यूमोनियासारखी सूज येते. घरचे लोक घाबरून मिठाचे पाणी किंवा दूध पाजतात, घशात बोट घालून ओकारी काढतात. हे मुळीच करू नका. उलटीसोबत तो द्रव दुसऱ्यांदा श्वासनलिकेत जाऊ शकतो. भिजलेले कपडे काढा, तोंड व अंग धुवा आणि बाटलीसकट मुलाला दवाखान्यात आणा. धाप लागली, ओठ निळे पडले किंवा गुंगी आली तर १०८ ला फोन करा. मूल खेळते आहे म्हणून घरी थांबू नका. त्रास काही तासांनी वाढू शकतो.

ग्लेझिंगला टर्पेंटाइन फार लागतही नाही. खालचा थर पुरता वाळू द्यावा, रंगात जवसाच्या तेलाचे थोडे थेंब मिसळावेत आणि कापडाने पुसत पुसत थर पातळ करावा. चित्रकारांचे तैलरंग असे छान पसरतात. ब्रश आधी खाण्याच्या तेलात, मग साबणाने धुवावा. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळते आणि त्यात उष्णता निर्माण होते. त्यामुळे तेलाच्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात पडून राहिला तर आपोआप पेटू शकतो. चिंध्या बाहेर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

जुन्या नंदीचा रंग कोरड्या सँडपेपरने घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाख भागांत ९० भाग अशी मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसे जास्त असू शकते आणि लहान मुलांच्या मेंदूला ते बाधते. (आपला पारंपरिक शेंदूरही मुळात शिशाचाच.) पृष्ठभाग ओला करून घासा, मुलांना लांब ठेवा, ओल्या फडक्याने भुकटी टिपून घ्या आणि जेवायला बसण्यापूर्वी हात साबणाने धुवा.